केअर होमचं बिल, कौन्सिलची चूक आणि लोकपालाकडची तक्रार

प्रश्न थोडक्यात असा. आई 84 वर्षांची, लग्न होऊन आली तेव्हापासून इंग्लंडमध्येच. ऑक्टोबरमध्ये घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हॉस्पिटलमधून सोडताना सोशल वर्कर म्हणाली, "काही आठवडे केअर होममध्ये राहू द्या, चालायला लागल्या की घरी. पैशांची काळजी करू नका." त्या काही आठवड्यांचे 22 आठवडे झाले. मार्चमध्ये आई घरी आली आणि तिच्यामागोमाग कौन्सिलचं, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेचं, बिल आलं, 22,770 पौंडांचं. आठवड्याला 950 पौंड केअर होमचे आणि वर 85 पौंड 'टॉप-अप'. विचारणारी मुलगी स्वतः 61 वर्षांची, आईच्या नावावरच्या घरात बरीच वर्षं आईसोबत राहते. आईने किती पैसे द्यायचे हे ठरवताना कौन्सिलने ते घर तिच्या मालमत्तेच्या हिशेबात धरलं, शिवाय आईच्या माहेरच्या, सातारा जिल्ह्यातल्या शेतीतला हिस्साही धरला. भावाने मधल्या काळात कुठल्यातरी कागदांवर सह्या केल्या आहेत. लोकपालाकडे जाता येतं असं ऐकलं. जावं का, की भरून मोकळं व्हावं?

ताई, भरून मोकळ्या होऊ नका. आणि पत्र ड्रॉवरमध्ये टाकूनही ठेवू नका. मी गेली 17 वर्षं इंग्लंडमधल्या एका सल्लाकेंद्रात हेच काम करते, आणि तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून मला या बिलात चार जागा दिसतात जिथे कौन्सिल अडचणीत येऊ शकते. त्यातली एक तर इतकी ठळक आहे की लोकपालापर्यंत जायची वेळही कदाचित येणार नाही.

आधी लोकपाल कोण ते सांगते, कारण आपल्याकडची माणसं हा शब्द ऐकला की लाचलुचपत आणि लोकायुक्त डोळ्यापुढे आणतात. महाराष्ट्रात लोकायुक्तांचा पहिला कायदा 1971चा, त्यामुळे ती सवय जुनी आहे. इथे ज्यांच्याकडे जायचं त्यांचं नाव लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बड्समन. 1974च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टने हे पद निर्माण झालं, कार्यालय कॉव्हेंट्रीला आहे, आणि त्यांची हद्द फक्त इंग्लंड. वेल्स, स्कॉटलंड, नॉर्दर्न आयर्लंड यांचे लोकपाल वेगळे आणि केअरच्या पैशांचे नियमही वेगळे. तक्रारीला एक पेनी लागत नाही, वकील लागत नाही. कौन्सिलचा कचरा, घरवाटप, प्लॅनिंग, शाळाप्रवेशाची अपिलं, मुलांची सोशल केअर, वृद्धांची सोशल केअर हे सगळं त्यांच्याकडे जातं. तुमच्याकडे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशा दोन कौन्सिल असतील तर केअरचं काम काउंटीकडे असतं. तक्रार तिकडेच करा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बिल केवढं आहे, आईला किती मनस्ताप झाला, तुम्ही 40 वर्षं टॅक्स भरला, यावर लोकपालाचा निकाल लागत नाही. ते दोनच प्रश्न विचारतात. कौन्सिलच्या वागण्यात चूक होती का? आणि त्या चुकीमुळे या माणसाचं नुकसान झालं का? चूक म्हणजे कायदा, सरकारी मार्गदर्शक सूचना किंवा कौन्सिलचं स्वतःचं धोरण पाळलं नाही, सांगायचं ते सांगितलं नाही, विचारायचं ते विचारलं नाही, निर्णयाचं कारण दिलं नाही, उशीर केला. निर्णय नीट पद्धतीने घेतला असेल तर तो तुम्हाला कितीही कडू लागो, लोकपाल तो बदलत नाहीत. आमच्याकडे येणारी दहा-दहा पानी पत्रं मी वाचते. त्यात राग असतो, रडू असतं, आणि ते सगळं खरं असतं. पण कौन्सिलने अमुक तारखेला अमुक करायला हवं होतं आणि केलं नाही, हे वाक्य शोधून सापडत नाही. ते वाक्य लिहिणं हेच खरं काम.

म्हणून तुमचं बिल एकेक करून पाहू.

पहिलं घर. 2014च्या केअर ॲक्टखालच्या नियमांप्रमाणे, केअर होममध्ये गेलेल्या माणसाच्या घरात त्याचा जोडीदार, किंवा 60 वर्षं वा त्याहून मोठा नातेवाईक, किंवा अपंगत्व असलेला नातेवाईक आधीपासून कायमचा राहत असेल, तर ते घर हिशेबात धरताच येत नाही. इथे कौन्सिलच्या मर्जीचा प्रश्नच नाही, धरायचं नाही म्हणजे नाही. तुम्ही 61 वर्षांच्या, आई जाण्याआधीपासून तिथे राहता. विषय संपला. शिवाय आई परत यायच्या बोलीवर गेली होती आणि परत आलीही, म्हणजे तिचा मुक्काम तात्पुरता. तात्पुरत्या मुक्कामातही राहतं घर धरत नाहीत. आणि कौन्सिल म्हणाली की आम्ही मुक्काम कायमचा समजलो, तरी कायमच्या मुक्कामात पहिले 12 आठवडे घर सोडावंच लागतं. त्यांनी 22च्या 22 आठवडे पूर्ण दर लावला. कुठूनही मोजा, चुकतंच. 60 पूर्ण असल्याचा पुरावा म्हणून पासपोर्टची प्रत आणि त्या पत्त्यावरची जुनी कागदपत्रं जोडा: कौन्सिल टॅक्स, जीपीकडची (फॅमिली डॉक्टरकडची) नोंदणी, बँकेची पत्रं.

घर निघालं की हिशेब कसा बदलतो ते बघा. आईची बचत 9,000 पौंड आहे असं तुम्ही लिहिलंय. बचतीची खालची मर्यादा 14,250 आणि वरची 23,250. 2010पासून या आकड्यांना कुणी हात लावलेला नाही. खालच्या मर्यादेच्या आत असलेल्या बचतीकडे कौन्सिल बघत नाही. मग उरतं फक्त उत्पन्न. पेन्शन वगैरे मिळून आठवड्याला 235 पौंड. त्यातून आईच्या हातखर्चाचे म्हणून 2025-26 या वर्षी 30.65 पौंड तिच्याकडे सोडावेच लागत होते. राहिले 204.35. बावीस आठवड्यांचे 4,495.70 पौंड. तात्पुरत्या मुक्कामात मागे चालू असलेल्या घराचा खर्च, म्हणजे हीटिंग, इन्शुरन्स वगैरे, तोही वजा मागता येतो, तेव्हा आकडा आणखी खाली येईल. 22,770 कुठे आणि हे कुठे! मी हे आकडे मुद्दाम मांडून दाखवतेय, कारण पुष्कळ घरांत बिलाचा आकडा पाहूनच हातपाय गळतात आणि तो कसा आला हे विचारायचं राहून जातं. आर्थिक तपासणीचा लेखी हिशेब देणं कौन्सिलवर बंधनकारक आहे. तो आजच मागा.

दुसरं, शेती. परदेशातली मालमत्ता मोजली जात नाही हा आपल्या लोकांतला मोठा गैरसमज. मोजली जाते. पुण्यातला फ्लॅट, गावचं घर, बँकेतली ठेव, सगळं सांगावं लागतं आणि लपवलेलं उघड झालं तर तुमच्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास जातो. पण 'मोजली जाते' आणि 'भावाने अंदाजाने लिहिलेल्या आकड्याने मोजली जाते' यात फार फरक आहे. भावाने फॉर्मवर लिहिलं, 'लँड इन इंडिया, साठ लाख रुपये'. कौन्सिलने त्याचे पौंड केले आणि जोडले. सातबाऱ्यावर चार नावं आहेत, वाटप झालेलं नाही, हे कुणी विचारलंच नाही. नियम सांगतो की सामाईक मालकीत त्या माणसाच्या हिस्स्याची किंमत धरायची, आणि ती म्हणजे तेवढ्या हिस्स्याला बाजारात खरोखर कुणी काय देईल ती. एकूण किमतीला चाराने भागून ती निघत नाही. बाकीचे हिस्सेदार घ्यायला तयार नसतील आणि बाहेरचा गिऱ्हाईक मिळत नसेल, तर किंमत अगदी नाममात्र ठरू शकते.

आणि महाराष्ट्रातली शेतजमीन विकणं म्हणजे काय, हे इथल्या अधिकाऱ्याला कुठून माहीत असणार? तेव्हा तुम्हीच समजावून सांगा. शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच विकत घेता येते, अडसर तुकडेबंदीचा असतो, वाटपाशिवाय हिस्सा विकायला गेलं की मामेभावांशी कोर्टकज्जा ठरलेला. ताजा सातबारा, 8-अ, आईचं नाव लागल्याचा फेरफार हे काढा, त्यांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा, आणि गावाकडच्या वकिलाचं किंवा मूल्यांककाचं एक पानी पत्र मिळवा: वाटप झालेलं नाही, हिस्सा सुटा विकला तर काय येईल. एक इशारा. 'भारतातून पैसा बाहेर नेता येत नाही' असा मुद्दा घेऊ नका. वारशाने आलेल्या मालमत्तेचे पैसे ठरावीक मर्यादेत नेता येतात, मर्यादा वर्षाला 10 लाख डॉलरची आहे, आणि कौन्सिल तुमच्याकडून बंदीचा पुरावा मागेल. नसलेल्या मुद्द्यावर जोर दिला की असलेला मुद्दा लंगडा पडतो.

तिसरं, टॉप-अप. याची चीड मला सगळ्यात जास्त येते, कारण आपल्या घरांत हा पैसा बहुतेक वेळा गुपचूप भरला जातो. टॉप-अप म्हणजे कौन्सिल जेवढं द्यायला तयार आहे त्याहून महाग केअर होम कुटुंबाने स्वतःच्या पसंतीने निवडलं तर वरचा फरक कुणीतरी तिसऱ्याने भरणं. 'पसंतीने' हा त्यातला कळीचा शब्द. टॉप-अप लागणार नाही असं निदान एक केअर होम, जागा रिकामी असलेलं आणि आईच्या गरजा भागवणारं, कौन्सिलने दाखवायला हवं. तसं नसेल तर महाग ठिकाणचा पूर्ण खर्च कौन्सिलने सोसायचा, टॉप-अप मागायचाच नाही. आणि गरजा म्हणजे फक्त औषध आणि अंघोळ नव्हे. तुमची आई शुद्ध शाकाहारी, विसरायला लागल्यापासून इंग्रजी जवळजवळ गेलेली, मराठी आणि थोडं हिंदी-गुजराती कळणारी. ज्या ठिकाणी तिला वरणभात मिळाला आणि बोलायला एक गुजराती केअरर मिळाली, ते ठिकाण ही तिची गरज होती. केअर प्लॅनमध्ये भाषा आणि जेवण लिहिलेलं आहे का ते पाहा. लिहिलेलं असेल तर टॉप-अप मागायला जागा उरत नाही. लिहिलेलंच नसेल तर न लिहिणं ही वेगळी चूक.

शिवाय टॉप-अपचा लेखी करार लागतो, त्यात रक्कम, किती काळ, पुढे वाढली तर काय, भरणं थांबलं तर काय, हे सगळं असावं लागतं, आणि भरणाऱ्याला ते परवडतं का हेही कौन्सिलने बघायचं असतं. भावाच्या सह्या नेमक्या कशावर आहेत? त्याला प्रत्येक कागदाची प्रत मागायला सांगा. आईच्या केअरचे पैसे देणं आईचं. मुलगा, मुलगी, सून यांच्यावर कायद्याने ती जबाबदारी येत नाही. फक्त त्यांनी स्वतःच्या नावाने टॉप-अपचा करार किंवा हमीपत्र सही करून दिलं असेल तर ते बांधले जातात. आपल्याकडे आईबापांच्या कागदावर मुलगा सही करतो ती 'घरातला म्हणून'. इथे ती सही 'भरणारा' या रकान्यात पडली की अर्थ बदलतो. आईच्या वतीने फॉर्म भरला म्हणून केलेली सही आणि स्वतः भरीन म्हणून केलेली सही, या दोन वेगळ्या.

चौथं, 'पैशांची काळजी करू नका'. हॉस्पिटलनंतर माणूस पुन्हा उभा राहावा म्हणून दिलेली ठरावीक मुदतीची केअर सहा आठवड्यांपर्यंत मोफत असते. आईला ती म्हणूनच पाठवलं होतं का, हे कागदावरून ठरेल. फिजिओथेरपिस्ट येत होता, चालण्याचं उद्दिष्ट लिहिलं होतं, तर तुमचा दावा चांगला आहे आणि 22तले सहा आठवडे सुटले तर वरचा हिशेब 16 आठवड्यांवर, म्हणजे 3,269.60 वर येतो. पण मोफत मुदत नव्हतीच असं निघालं, तरी खर्चाची माहिती आधी, समजेल अशी आणि लेखी देणं कौन्सिलचं काम होतं. तोंडी दिलासा आणि तीन-चार महिन्यांनी मागल्या तारखेपासूनचं बिल, ही चूक लोकपालाच्या निकालांत पुन्हा पुन्हा सापडते.

इथे मात्र मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. माहिती दिली नाही एवढ्यावर बिल माफ होत नाही. लोकपाल पुढचा प्रश्न विचारतात: वेळेवर कळलं असतं तर तुम्ही काय वेगळं केलं असतं? आईला तरीही तिथेच राहावं लागलं असतं, तर केअर मिळाली, तिचे रास्त पैसे द्या, असं म्हणतात. झालेल्या धक्क्याबद्दल माफी आणि शे-दोनशे पौंड सुचवतात. पण घरी खालच्या मजल्यावर खोली तयार होती, मी घरीच होते, सहाव्या आठवड्यात आणलं असतं आणि दिवसाला दोन वेळा केअरर लावली असती, असं पटण्यासारखं दाखवलंत तर चित्र बदलतं. ही दुसरी बाजू लिहायला लोक हमखास विसरतात.

आता लिहायचं कसं. तक्रार आधी कौन्सिललाच करायची. थेट लोकपालाकडे गेलात तर ते परत पाठवतील. वर 'ही औपचारिक तक्रार आहे' असं स्पष्ट लिहा, नाहीतर तुमचं पत्र बिलिंग विभागात 'चौकशी' म्हणून फिरत राहतं. सोशल केअरच्या तक्रारीची पोच कौन्सिलने कामाच्या तीन दिवसांत द्यायची असते. आईला समजतं आहे तोवर तिची संमती सहीने घ्या. समजत नसेल तर तिच्या वतीने योग्य व्यक्ती म्हणून तुम्हाला तक्रार करता येते. पत्र दोन पानांच्या वर नेऊ नका. प्रत्येक मुद्दा साधारण असा असावा (इंग्रजीत पाठवाल, पण मांडणी ही):

"6 ऑक्टोबर 2025 रोजी आईला वॉर्डमधून केअर होममध्ये हलवलं. त्याआधी किंवा त्या दिवशी कौन्सिलने खर्चाबद्दल लेखी काहीही दिलं नाही. सोशल वर्करने पैसे लागणार नाहीत असं मला सांगितलं. आर्थिक तपासणीचा फॉर्म आम्हाला 12 जानेवारीला पहिल्यांदा मिळाला. खर्च आधी कळला असता तर नोव्हेंबरमध्येच आम्ही आईला घरी आणलं असतं. त्यासाठी खोली तयार होती. माझं मागणं: सहा आठवड्यांचा आकार रद्द करावा, उरलेल्या काळाची आर्थिक तपासणी घर वगळून नव्याने करावी, आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत वसुली थांबवावी."

तारीख, चूक, तिचा परिणाम, मागणं. तारखा तुमच्या घाला. 'न्याय मिळावा' असं मागू नका. काय रद्द करायचं, काय पुन्हा करायचं, ते मागा.

पुराव्याबद्दल एक आठवण सांगते. काही वर्षांपूर्वी एक आजी माझ्याकडे आल्या होत्या, साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळी पाकिटं कोंबून, अर्धी न फोडलेली. नवऱ्याच्या केअरचं असंच मागल्या तारखेचं बिल. सोशल वर्कर काय म्हणाली, कधी म्हणाली, काही लिहून ठेवलंय का, असं विचारलं तर नाही म्हणाल्या. जाता जाता सहज म्हणाल्या, "कालनिर्णयवर टिपते मी काय काय." दुसऱ्या दिवशी भिंतीवरून उतरवून घेऊन आल्या. चौकोनात पेन्सिलीने बारीक अक्षर: एकादशीच्या खाली 'यांचं बीपी 150', पलीकडे 'सोशलवाली आली. सहा आठवडे पैसे नाहीत म्हणाली. चहा घेतला नाही.' त्या पानाचा फोटो आणि भाषांतर आम्ही जोडलं. कौन्सिलच्या फाइलमध्ये त्या भेटीची नोंद होती, पण पैशांबद्दल काय बोललं गेलं याचा शब्दही नव्हता; 'खर्च समजावून सांगितला' ही नोंद तीन आठवड्यांनंतरची निघाली. लोकपालाने कालनिर्णय मानला. तेवढ्या आठवड्यांचे पैसे माफ झाले. तुमच्याकडे व्हॉट्सॲपवर भावाला पाठवलेला एखादा मेसेज असेलच, 'बाई म्हणते पैसे नाही लागणार'. तो शोधा, त्यावर तारीख असते. आणि कौन्सिलकडून आईची पूर्ण केस फाइल मागवा. स्वतःबद्दलची माहिती मागण्याचा तो हक्क आहे, त्याला पैसे पडत नाहीत, आणि एक महिन्यात द्यावी लागते.

मुदती दोन. गोष्ट कळल्यापासून 12 महिन्यांच्या आत लोकपालाकडे पोचायचं. उशिराला सबळ कारण लागतं. आणि कौन्सिलला उत्तर द्यायला वाजवी वेळ द्यायचा, साधारण 12 आठवडे. तेवढ्यात अंतिम उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर लोकपालाकडे जा. कौन्सिल 'आम्ही अजून बघतोय' म्हणत वर्ष घालवते आणि लोक सभ्यपणे वाट बघत बसतात, हे मी फार वेळा पाहिलंय.

मधल्या काळात पैशांचं काय? जो भाग तुम्हाला मान्य आहे तो भरायला सुरुवात करा आणि बाकीची रक्कम वादात आहे, हे लेखी कळवा. पूर्ण थकबाकीपेक्षा हे फार बरं दिसतं. कौन्सिलला केअरची थकबाकी कर्ज म्हणून काउंटी कोर्टात वसूल करता येते, पण तो शेवटचा उपाय असायला हवा. कोर्टाचं पत्र आलंच तर एक दिवसही न थांबता सल्लागाराकडे जा, कारण प्रकरण कोर्टात गेलं की लोकपाल त्या मुद्द्यातून बाजूला होतात. म्हणून स्वतःहून आधी कोर्टात जाऊ नका.

लोकपालाकडे तक्रार ऑनलाइन किंवा फोनवर करता येते. भाषेची अडचण असेल तर दुभाषा मागा. सुरुवातीला एक चाळणी असते, बऱ्याच तक्रारी तिथेच थांबतात, म्हणून पहिल्या फॉर्ममध्येच चूक आणि नुकसान स्वच्छ लिहा. चौकशीला घेतलेल्या तक्रारींचं चित्र मात्र वेगळं आहे: 2023-24 मध्ये त्यांतल्या सुमारे 80 टक्के तक्रारींत कौन्सिलची किंवा केअर देणाऱ्यांची चूक निघाली. तपासनीस कौन्सिलची कागदपत्रं मागवतो, मग निकालाचा मसुदा दोन्ही बाजूंना पाठवतो. तो मसुदा डोळ्यांत तेल घालून वाचा. तारीख चुकली असेल, तुमचं वय सुटलं असेल, तर हीच वेळ. अंतिम निकालानंतर फेरविचार मागता येतो, पण तिथे नुसती नाराजी चालत नाही; वस्तुस्थितीतली चूक किंवा नवा पुरावा लागतो.

लोकपालाची शिफारस कौन्सिलवर कायद्याने बंधनकारक नाही, असं कळल्यावर लोक खट्टू होतात. नका होऊ. 99 टक्क्यांहून जास्त शिफारशी कौन्सिल पाळतात. निकाल लोकपालाच्या वेबसाइटवर कौन्सिलच्या नावासकट छापले जातात, तुमचं नाव मात्र नसतं. ही लाज कौन्सिलला महागात पडते. हाती काय येतं? चुकीचा आकार रद्द किंवा परत, नव्याने हिशेब, माफी, मनस्तापाबद्दल सहसा काहीशे पौंड, आणि कधीकधी तुमच्यासारखी इतर प्रकरणं कौन्सिलने स्वतःहून तपासावीत असा आदेशवजा सल्ला. मोठी नुकसानभरपाई नाही, सोशल वर्करची नोकरी जाणं नाही.

काही गोष्टी मात्र दुसऱ्या दारातल्या. आईची प्रकृती इतकी नाजूक असेल की मूळ गरज वैद्यकीयच आहे, तर पूर्ण खर्च एनएचएसने, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेने, करायचा असतो. त्याची तपासणी वेगळी आणि त्यांचा लोकपालही वेगळा. मेंटल हेल्थ ॲक्टच्या कलम 3 खाली (मानसिक आजारावरच्या उपचारांसाठी सक्तीने) दाखल होऊन सुटलेल्या माणसाच्या नंतरच्या केअरला, कलम 117 खाली, पैसे लावताच येत नाहीत. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, 2002मध्येच हे पक्कं केलंय. हाउसिंग बेनिफिट, कौन्सिल टॅक्ससाठी घर कोणत्या गटात (बँडमध्ये) बसतं ते, पार्किंगचा दंड यांना स्वतंत्र ट्रायब्युनल आहेत.

जाता जाता दागिन्यांबद्दल, कारण तुम्ही शेवटी भीत भीत विचारलंय. आईने नातीच्या लग्नात पाटल्या आणि मोहनमाळ दिली, तेव्हा ती धडधाकट होती, स्वतःचा स्वयंपाक करत होती. कौन्सिल मुद्दाम संपत्ती घालवली म्हणते तेव्हा तिला दाखवावं लागतं की केअरचा खर्च टाळणं हा त्यामागचा एक महत्त्वाचा हेतू होता, आणि केअर लागेल याची तेव्हा कल्पना होती. नातीच्या अंगावर आजीचं सोनं घालण्याला आपल्याकडे वेगळा हेतू लागत नाही. लग्नाची पत्रिका आणि फोटो जपून ठेवा, बस. ते 'सात वर्षं' वगैरे जे कुणी सांगितलं ते वारसाकराचं आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही.

तुम्ही लिहिलंय, "सरकारी माणसांशी भांडण नको, त्यांनीच आईला सांभाळलं." ज्या केअररने तिला भरवलं तिचे आभार जरूर माना, पत्र लिहून माना. बिल तिने बनवलेलं नाही. आईचं घर हिशेबात धरताना तिथे 61 वर्षांची मुलगी राहते हे ज्यांनी विचारलं नाही, तक्रार त्यांच्याविरुद्ध आहे. सोमवारी सकाळी पहिल्यांदा तीन ओळींचा ईमेल पाठवा: आर्थिक तपासणीचा लेखी हिशेब द्या, भावाने सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत द्या, आणि तोवर वसुली थांबवा. उत्तर आलं की आकडे मला कळवा, पुढचं पत्र आपण मिळून लिहू.